जर्नल पूर्ण, प्रयोग शिल्लक

इंजिनीअरिंगच्या विद्यार्थ्याची निराशा नोकरी हुकल्यावर सुरू होते, असे आपण धरून चालतो. पण अनेकांच्या बाबतीत तिचे मूळ पहिल्याच सत्रातल्या सबमिशनच्या आठवड्यात असते. यंत्राभोवती अख्खी बॅच उभी, हात दोघांचे, बाकीच्यांची निरीक्षणे सीनिअरच्या जर्नलमधून उतरवलेली. उत्तर आधीच ठाऊक, मग आकडे त्याला जुळवून घ्यायचे. तरी सही होते आणि टर्मवर्कचे गुणही पडतात, कारण ते कॉलेजच्याच हातात असतात. ज्याने प्रयोग खरोखर केला आणि ज्याचे आकडे थोडे चुकले, त्याला मात्र जर्नल पुन्हा लिहावे लागते.

१९८३ मध्ये वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. तो निर्णय चुकीचा नव्हता; त्यामुळे तालुक्याच्या मुलांना घराजवळ कॉलेज मिळाले. देखरेख मात्र मोजदादीपुरतीच राहिली. जागा किती, यंत्रे किती, पुस्तके किती, शिक्षकांची नावे किती, हे तपासले जाते. यंत्र वर्षात किती तास चालले, हे कोण विचारतो? त्यातच २०१८ मध्ये अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने पंधरा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक हे प्रमाण विसांमागे एक असे सैल केले, आणि २०२४-२५ पासून चांगली कामगिरी असलेल्या संस्थांसाठी जागांची कमाल मर्यादाही काढून टाकली. म्हणजे बॅच फुगणार आणि शिक्षक तेवढे कमी लागणार.

संस्थाचालक म्हणतील, शुल्क तर नियामक प्राधिकरण ठरवते आणि सरकारकडून शिष्यवृत्तीची रक्कम वेळेवर येत नाही. मग पगार कसे करायचे? तक्रार खरी आहे, आणि पगार थकलेल्या प्राध्यापकाकडून उत्साहाची अपेक्षा करणे निर्लज्जपणाचेच. पण उतरवलेल्या जर्नलवर सही न करायला पैसा लागत नाही. दुसरा आक्षेप असा की मुलांनाच पदवी हवी असते, शिकायचे नसते. नक्कल करणाऱ्याला जिथे जास्त गुण मिळतात, तिथे मुले वेगळे काय करणार? उरला प्रश्न यूट्यूबवरून शिकण्याचा. सिद्धान्त तिथे समजतो, कित्येकदा वर्गापेक्षा बरा. पण लेथवर हत्यार किती दाबायचे, हे हाताला पडद्यावरून कळत नाही.

तोंडी परीक्षेला बाहेरचा परीक्षक येतोच. त्याने जर्नल बाजूला ठेवून चिठ्ठी काढावी आणि निघालेला प्रयोग विद्यार्थ्याला एकट्याने मांडायला लावावा. शिवाय प्रत्येक प्रयोगशाळेच्या यंत्रवापराची नोंद सीईटी कक्षाने प्रवेशाच्या संकेतस्थळावर टाकावी, म्हणजे पसंतीक्रम भरताना पालकांना प्लेसमेंटच्या जाहिरातीशेजारी तीही वाचता येईल.