झेंडू 'आपला' कधी झाला?

१/ पुष्पगुच्छ ही पाश्चात्त्यांची रीत आणि झेंडूचा हार ही आपली, असे विधान सणासमारंभांत हमखास ऐकू येते. त्याचा पूर्वार्ध वादापुरता मान्य करता येईल. उत्तरार्ध मात्र इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही. झेंडू मूळचा मेक्सिकोचा.

२/ फुले देण्याची भारतीय प्रथा अर्थातच प्राचीन आहे. 'मेघदूता'तला यक्ष मेघाचे स्वागत करतो ते कुटजाच्या ताज्या फुलांनी. कुटज म्हणजे सह्याद्रीत आजही फुलणारा कुडा. जुन्या तमिळ काव्यशास्त्रात तर युद्धप्रसंगांनाच फुलांची नावे आहेत: शत्रूची गुरे पळवणे म्हणजे 'वेट्चि', विजय म्हणजे 'वागै'.

३/ कालिदासाला आणि त्या तमिळ कवींना झेंडू ठाऊक असणे शक्यच नव्हते. तो तेव्हा अमेरिका खंडापुरताच होता. आझ्टेकांच्या नाहुआटल भाषेतील त्याच्या नावाचा शब्दशः अर्थ 'वीस-फूल', म्हणजे भरगच्च पाकळ्यांचे फूल. आजही १ आणि २ नोव्हेंबरला मेक्सिकोत मृतांचे स्मरण केले जाते, तेव्हा पितरांना घरची वाट सापडावी म्हणून याच पाकळ्यांचा मार्ग अंथरतात.

४/ सोळाव्या शतकात स्पॅनिश जहाजांतून झेंडू युरोपात गेला. तेथे त्याच्या उगमाचाच विसर पडला आणि इंग्रजीत त्याला 'आफ्रिकन' हे विशेषण चिकटले. पुढे युरोपीय व्यापाराच्या वाटेने तो भारतात रुजला.

५/ 'फुलांची भाषा' म्हणून युरोपात जी गाजली, तिचा पायाही असाच डळमळीत. लेडी मेरी वर्टली माँटेग्यू यांनी १७१८ साली तुर्कस्तानातील सांकेतिक प्रेमपत्राचे वर्णन केले. त्यात गुलाबाबरोबर मोती, लवंग, साबण आणि कोळसाही होता. प्रत्येक वस्तूला एक यमकबद्ध ओळ जोडलेली होती. युरोपने फुले तेवढी उचलली. १८१९ मध्ये पॅरिसमध्ये शार्लोत द लातूर या टोपणनावाने त्यांचा अर्थकोश निघाला आणि अनुकरणांची रीघ लागली.

६/ १८८४ मध्ये लंडनमध्ये निघालेल्या केट ग्रीनअवे यांच्या सचित्र कोशात 'आफ्रिकन' झेंडूचा अर्थ दिला आहे: असंस्कृत मन! मेक्सिकोत पितरांना वाट दाखवणारे, महाराष्ट्रात दसऱ्याला दाराच्या चौकटीवर आणि अवजारांवर मानाने चढणारे फूल लंडनच्या दिवाणखान्यात हलक्या अभिरुचीची खूण ठरले. फूल तेच होते. अर्थ माणसांनी दिले.

७/ महाराष्ट्राने झेंडू स्वीकारला त्याची कारणे साधी आहेत. पाऊस सरता सरता तो बहरतो, नेमका नवरात्र-दसऱ्याच्या सुमारास. ओवल्यावर लवकर कोमेजत नाही. रंग हळदीच्या आणि केशराच्या कुळातला. मेक्सिकोतही तो पावसाळ्याअखेर फुलतो; दोन्हीकडचे सण फुलाच्या हंगामाशी जुळले.

८/ येथे दोन टोकांच्या चुका संभवतात. एक, उगम परका म्हणून परंपराच खोटी ठरवणे. दारावर तोरण बांधणाऱ्या हातांची कोणी फसवणूक केलेली नाही. पिढ्यानपिढ्यांच्या वापराने वस्तू आपली होते. दुसरी चूक अधिक घातक: परंपरेला कालातीत शुद्धतेचा दाखला देऊन त्या आधारे दुसऱ्याच्या रीतीला परकी म्हणणे.

९/ त्या शुद्धतेचा आग्रह हारावर लावून पाहावा. झेंडूबरोबर निशिगंध काढावा लागेल, तोही मेक्सिकोचा. देवळासमोरचा पांढरा चाफा अमेरिका खंडातला. बागेतली शेवंती पूर्व आशियातून आलेली. उरलेल्या फुलांत पूजा होईल, यात शंका नाही. पण दसऱ्याच्या पहाटे बाजारात लागलेले झेंडूचे ढीग ज्याला आपले वाटतात, त्याने परकेपणाचा शिक्का फार जपून वापरावा.