पाऊल वाचविण्याची विद्या

लखनौ शहरात ज्येष्ठ महिन्यातील प्रत्येक मंगळवार ‘बडा मंगल’ म्हणून पाळला जातो. अलीगंजच्या जुन्या हनुमान मंदिराकडे पहाटेपासून भाविकांची रीघ लागते, आणि रस्तोरस्ती सरबताचे व पुरी-भाजीचे मंडप उभे राहतात. भाविकांपैकी कित्येक जण अनवाणी चालतात. मे-जूनच्या उन्हाने डांबरी रस्ता तापलेला असतो. निरोगी माणसाचे पाऊल चटका बसताच आपोआप उचलले जाते. परंतु दीर्घकाळच्या मधुमेहामुळे ज्याच्या तळव्याची संवेदना हरपली आहे, त्याला हा चटका कळतच नाही. घरी परतल्यावर फोड दृष्टीस पडतो, आणि तोही कोणी तळवा पाहिला तर. आषाढात पंढरीच्या वाटेवर अनवाणी चालणाऱ्या मधुमेही वारकऱ्याच्या पायात खडा रुतला, तर त्याची स्थितीही याहून निराळी नसते.

मनुष्याच्या एकेका पावलात २६ हाडे असतात आणि साऱ्या शरीराचा भार त्यांना वाहावा लागतो. तरीही सर्व अवयवांत उपेक्षा अधिक होते ती पायाचीच. ‘पायातली वहाण पायातच बरी’ या म्हणीत वहाणेला जे स्थान दिले आहे, तेच नकळत पायाच्याही वाट्यास आले आहे. डोळा दुखू लागला तर माणूस डॉक्टरकडे धावतो. टाचेला भेग पडली तर ती मेणाने बुजवितो, आणि कुरूप झाले तर घरच्या ब्लेडने कापतो. लखनौसारख्या जुन्या शहरांतून ‘जर्राह’ या नावाने ओळखले जाणारे परंपरागत शस्त्रवैद्य असली कामे करीत. त्यांच्या हाताला कसब असेलही. परंतु वाढलेला भाग कापून टाकणे म्हणजे विकाराचे कारण दूर करणे नव्हे.

पादचिकित्सेचा, म्हणजेच पोडियाट्रीचा, आरंभ नेमका कारणापासून होतो. जोडा जेथे दाबतो किंवा हाड जेथे पुढे येते, तेथे कातडी स्वतःच्या रक्षणासाठी जाड होते. हा थर पसरट असला तर त्यास घट्टा म्हणतात. तो खिळ्याप्रमाणे आत शिरला तर कुरूप होते. पादचिकित्सक निर्जंतुक हत्याराने हा थर उतरवितो. पण तेवढ्यावर न थांबता रोग्याचा जोडा हातात घेऊन पाहतो, त्याची चाल पाहतो आणि दाब कमी करणारी मऊ गादी योजतो. दाब राहिला तर कुरूप पुन्हा होणारच. बोटांच्या बेचक्यांत होणाऱ्या चिखल्या बहुधा बुरशीमुळे होतात. त्यांवर बेचक्या कोरड्या ठेवणे आणि सांगितलेले मलम पूर्ण मुदतीपर्यंत लावणे हा उपाय आहे. नखाचे कोपरे खोलवर गोल कापल्याने नख मांसात रुतते. म्हणून ते सरळ कापावे. सकाळी पहिले पाऊल टाकताच टाचेत कळ येते, ती बहुधा तळव्यातील चिवट पट्ट्याला ताण पडल्यामुळे. पोटरीचा व तळव्याचा व्यायाम आणि योग्य पादत्राण यांनी बहुतेक रोगी काही महिन्यांत शस्त्रक्रियेवाचून बरे होतात.

हे विकार त्रासदायक असले तरी सहसा घातक नसतात. मधुमेह्याच्या बाबतीत मात्र हेच किरकोळ विकार भयंकर रूप धारण करतात. ज्यास वेदना होत नाही, तो कुरूप झालेल्या पायावरच चालत राहतो. खाली जखम होते, तीत जंतू शिरतात, आणि रक्तपुरवठा अपुरा असल्यास ती भरून येत नाही. कुरपावर लावण्याच्या आम्लयुक्त पट्ट्यांनीही अशा पायास इजा होते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीनुसार देशात मधुमेह्यांची संख्या सुमारे १० कोटी १० लक्ष आहे. यावरून प्रश्नाचा विस्तार ध्यानी यावा.

वेदना नसणे हाच खरा अपघात होय, ही गोष्ट भारतातच स्पष्ट झाली. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात कुष्ठरोग्यांवर उपचार करणाऱ्या डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले की, कुष्ठरोग्यांची बोटे आपोआप सडून गळत नाहीत. संवेदना गेल्यामुळे न जाणवणाऱ्या दाबांनी व जखमांनी त्यांचा नाश होतो. तेव्हापासून सूक्ष्म छिद्रांच्या मऊ रबराचे तळ असलेल्या चपला, आणि तळव्याला सर्वत्र सारखा टेकून दाब वाटून देणारा प्लास्टरचा साचा, हे उपाय रूढ झाले. आज तेच मधुमेह्यांच्या पायासाठी योजले जातात.

कृत्रिम पाय बनविण्याच्या बाबतीत भारताची कीर्ती मोठी आहे. पुण्याचे लष्करी कृत्रिम अवयव केंद्र १९४४ पासून कार्य करीत आहे. लखनौच्या किंग जॉर्ज वैद्यकीय विद्यापीठाचे डालीगंज येथील केंद्र शहरवासीयांत ‘लिंब सेंटर’ म्हणूनच परिचित आहे. जयपूरचे डॉ. प्रमोद करण सेठी व कारागीर रामचंद्र शर्मा यांनी सिद्ध केलेल्या ‘जयपूर फूट’मुळे मांडी घालून बसणे आणि शेतात काम करणे अनेकांना शक्य झाले. हे कार्य वंदनीय आहे, यात शंका नाही. परंतु गेलेला पाय बनवून देणाऱ्यास जो मान मिळतो, तो असलेला पाय वाचविणाऱ्यास मिळत नाही. वाचलेल्या पावलाची बातमी होत नाही, कारण तेथे घडलेले काहीच नसते.

ब्रिटनमध्ये १९६० च्या कायद्याने पादचिकित्सकांच्या सरकारी नोंदणीची सोय झाली. भारतात सहबद्ध आरोग्यसेवा व्यवसायांविषयीचा कायदा २०२१ साली संमत झाला आणि त्याच्या अनुसूचीत पादचिकित्सकाचे नाव आले. नाव येणे हा आरंभ आहे. शिक्षण आणि नेमणुका हे पुढचे काम आहे.

यावर असा आक्षेप घेतला जाईल की, जेथे सामान्य डॉक्टरच पुरेसे नाहीत तेथे पायासाठी निराळा तज्ज्ञ कोठून आणावा? आक्षेप अगदीच निराधार नाही. परंतु या विद्येची प्राथमिक साधने आश्चर्य वाटावे इतकी स्वस्त आहेत. तळव्यावर टेकवून वाकेपर्यंत दाबला असता १० ग्रॅमचा दाब देणारा नायलॉनचा एक धागा असला, तर संवेदना शाबूत आहे की नाही हे काही मिनिटांत कळते. बोटांनी चाचपून पायाची नाडी पाहता येते. हे काम परिचारिकेस व ग्रामीण आरोग्यसेविकेस शिकविता येईल. योग्य तळ कसा बसवावा हे मोच्यास शिकविता येईल. आग्रा व कानपूर यांच्यासारखी चर्मोद्योगाची केंद्रे असलेल्या प्रदेशात तर कसबी हातांची उणीव नाही. अशा पहिल्या पाहणीत जे पाय धोक्यात आहेत असे आढळेल, तेवढेच तज्ज्ञाकडे पाठवावेत. तज्ज्ञ थोडे असले तरी मग त्यांचा वेळ योग्य ठिकाणी खर्च होईल.

यास्तव दोन गोष्टी रूढ व्हाव्यात. मधुमेहाच्या प्रत्येक तपासणीत रोग्याचे जोडे व मोजे काढून तळवे पाहिल्याखेरीज तपासणी पुरी झाली असे मानू नये. आणि घरोघरी मधुमेह्याने रात्री निजण्यापूर्वी आपले तळवे पाहावेत. दृष्टी मंद असेल तर नातवंडाने पाहावेत. शाळेतील मुलास एवढे काम सहज करता येईल. अनवाणी जाण्याचा नेम असलेल्या वृद्धास, तापलेल्या रस्त्यावर वहाण घातल्याने श्रद्धेस बाध येत नाही, हेही त्यानेच प्रेमाने समजावून सांगावे.