बाँडची वेठ आणि कर्जाची फेड

धारणी, चिखलदरा, धडगाव, अक्कलकुवा, भामरागड, एटापल्ली, मोखाडा. पावसाळा लागला की ही नावे वर्तमानपत्रांत झळकू लागतात. कुपोषणाने बालक दगावले, गरोदर बाईला झोळीत घालून रस्त्यापर्यंत आणले, दवाखाना गाठला तर डॉक्टर नाही. मग मंत्रिमहोदय सांगतात, 'काय करणार, डॉक्टर खेड्यात जायला तयार नाहीत!' हे उत्तर आम्ही इतकी वर्षे ऐकत आलो आहोत की देणाऱ्यालाही आता त्याची लाज वाटत नाही. पण कोणता डॉक्टर जात नाही, का जात नाही आणि त्याच्या न जाण्याची किंमत कोण मोजतो, हे विचारण्याची वेळ आता आली आहे.

डोंगरी आणि आदिवासी भागात वीस हजार लोकसंख्येला एक प्राथमिक आरोग्य केंद्र, सपाटीवर तीस हजारांना एक, असे शासनाचे निकष आहेत. कागदावर केंद्रे आहेतही. पण इमारत म्हणजे दवाखाना नव्हे. केंद्र शासनाच्याच २०२१-२२ च्या ग्रामीण आरोग्य आकडेवारीप्रमाणे देशातील ग्रामीण भागातल्या सामुदायिक आरोग्य केंद्रांत शल्यचिकित्सक, स्त्रीरोगतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ अशा तज्ज्ञ डॉक्टरांची उणीव गरजेच्या सुमारे ८० टक्के होती. पाचात चार खुर्च्या रिकाम्या! ही तूट मलबार हिलवर नाही, हे वेगळे सांगायला नको.

यावर महाराष्ट्र शासनाचा उपाय म्हणजे बाँड. शासकीय महाविद्यालयातून एमबीबीएस झालेल्याने एक वर्ष शासनाने सांगितलेल्या ठिकाणी सेवा करायची, नाही तर दहा लाख रुपये भरायचे. पदव्युत्तर पदवीला हा दंड पन्नास लाखांचा आणि अतिविशेष शिक्षणाला दोन कोटींचा. सर्वोच्च न्यायालयाने १९ ऑगस्ट २०१९ च्या निकालात अशा सक्तीच्या सेवेच्या अटी वैध ठरवल्या. जनतेच्या पैशावर शिकलेल्याने जनतेचे देणे द्यावे, हे तत्त्व आम्हालाही मान्य आहे. आमचा आक्षेप दंडाच्या कलमाला आहे. ज्या अभिमत विद्यापीठांत एका वर्षाची फी वीस लाखांच्या वर जाते, त्या जगातल्या बापाला दहा लाख म्हणजे काय? तो चेक फाडतो आणि मुलाला मोकळा करून घेतो. सालदाराच्या, सफाई कामगाराच्या, रिक्षावाल्याच्या मुलाला ती सोय नाही. म्हणजे सक्ती सर्वांना आणि सुटका पैसेवाल्याला. याला धोरण म्हणायचे की वेठ?

या प्रश्नाकडे दुसऱ्या बाजूनेही पाहता येते आणि ते काम अमेरिकेने केले आहे. अमेरिकेचे गोडवे गाण्याची आम्हाला हौस नाही. तिथे सात कोटींहून अधिक लोक अशा भागांत राहतात जिथे प्राथमिक उपचाराचे डॉक्टर पुरेसे नाहीत, आणि त्यात काळ्यांच्या वस्त्या, मूळ रहिवाशांच्या राखीव जमिनी, दक्षिणेतली गरीब खेडी यांचा भरणा आहे. हा दुष्काळ आपोआप पडलेला नाही. १९१० साली फ्लेक्सनर अहवाल आला आणि त्यानंतर काळ्यांच्या सात वैद्यकीय महाविद्यालयांपैकी पाच बंद पडली. उरली फक्त हॉवर्ड आणि मेहरी. दर्जाच्या नावाखाली काळ्या डॉक्टरांची पिढीच्या पिढी जन्मण्याआधीच मारली गेली. 'मेरिट' या शब्दाचा हा उपयोग आपल्या वाचकांना नवा वाटणार नाही. त्याच अन्यायावर बोट ठेवत ब्लॅक पँथर पक्षाने १९६९ नंतर शहरोशहरी मोफत दवाखाने उघडले. आमच्या पँथरनी नाव घेतले ते यांचेच.

३१ डिसेंबर १९७० रोजी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी कायद्यावर सही केली आणि नॅशनल हेल्थ सर्व्हिस कोअर ही योजना उभी राहिली. पुढे तिला शिष्यवृत्ती जोडली गेली आणि १९८७ साली कर्जफेड. हिशेब सोपा आहे. तिथला डॉक्टर डोक्यावर लाखो डॉलरचे शैक्षणिक कर्ज घेऊन बाहेर पडतो. सरकार त्याला म्हणते, तुटवड्याच्या भागात दोन वर्षे पूर्णवेळ काम कर, तुझे कर्ज आम्ही फेडतो. अनेक वर्षे ही रक्कम पन्नास हजार डॉलरपर्यंत होती. २०२४ साली प्राथमिक उपचार करणाऱ्या डॉक्टरांसाठी ती पंचाहत्तर हजारांपर्यंत नेण्यात आली. पगार वेगळा. थांबायचे असेल तर करार वाढतो, उरलेले कर्जही फिटत जाते. मध्येच पळाला तर मात्र जबर वसुली. आपला बाँड सेवा टाळणाऱ्याला मोकळे होण्याचा दर सांगतो, ही योजना सेवा करणाऱ्याला मोकळे करते.

मग एवढ्याने तिथला प्रश्न सुटला का? नाही. मूळ रहिवाशांसाठीच्या इंडियन हेल्थ सर्व्हिसचीही अशी कर्जफेड योजना आहे. तरीही २०१८ साली अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने पाहणी केली तेव्हा तिथल्या डॉक्टर-नर्सच्या सरासरी चारातली एक जागा रिकामी होती. कारणे सांगितली गेली त्यात दुर्गम भाग होता आणि राहायला घरे नसणे होते.

घर नसणे! हे कारण आम्हाला फार जवळून ठाऊक आहे. शिक्षणाच्या बदल्यात सेवा हा करार डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्वतः केला होता. १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी त्यांना कोलंबियाला पाठवले ते शिक्षणानंतर दहा वर्षे संस्थानात नोकरी करण्याच्या अटीवर. १९१७ साली बाबासाहेब शब्द पाळायला बडोद्याला गेले. त्या अख्ख्या शहरात त्यांना राहायला खोली मिळाली नाही. पारशी नाव सांगून ते एका पारशी धर्मशाळेत राहिले आणि अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. दिवसाचे पाच तास त्यांनी बागेत झाडाखाली बसून काढले आणि बडोदे सोडले. करार कोणी मोडला? नोकरी होती, पगार होता, माणूस तयार होता. छप्पर नव्हते. आज आमची मुलगी डॉक्टर होऊन एखाद्या गावी रुजू होते, केंद्राची निवासस्थाने मोडकळीला आलेली असतात, गावात घर बघायला गेली की आधी आडनाव विचारले जाते. कर्जमाफीचा कोणताही कागद याचे उत्तर देणार नाही. निवासस्थान हा योजनेचा पहिला खर्च असला पाहिजे.

आणखी एक गोम आहे. कर्ज फेडणार ते कोणाचे? ज्याला मिळाले त्याचे. बँकांच्या नमुना शैक्षणिक कर्ज योजनेत साडेसात लाखांच्या वर तारण लागते. भूमिहीनाच्या पोराने काय गहाण ठेवायचे, पत्र्याची खोली? २०२४ च्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेने तारणाची अट काढली, पण ती निवडक संस्थांपुरती. म्हणून नुसती कर्जफेड आणली तर तिचा मलिदा ज्यांची पत आधीच आहे त्यांच्याकडे जाईल. अमेरिकेत शिष्यवृत्ती आणि कर्जफेड या दोन्ही वाटा आहेत, त्या इथेही हव्यात. आणि या योजनेचे निमित्त करून मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीला किंवा राखीव जागांना कोणी हात लावू नये. त्या आमच्या हक्काच्या आहेत, सेवेच्या मोबदल्यातल्या नाहीत.

काही मंडळी लगेच म्हणतील, मग आदिवासी भागात आदिवासी डॉक्टर पाठवा, दलित वस्तीत दलित. यात अर्धे खरे आहे. कॅलिफोर्नियातील १९९६ च्या अभ्यासात काळे डॉक्टर इतरांच्या कितीतरी पट अधिक काळे रुग्ण तपासतात असे आढळले. आपल्या माणसाची भाषा कळणारा, त्याला हात लावताना न कचरणारा डॉक्टर हवाच. पण ती सक्ती झाली तर गावकीचा नवा अवतार होईल. ज्याचे पूर्वज गावची चाकरी करीत होते त्यानेच पुन्हा गावात राबावे आणि बाकीच्यांनी पुण्या-मुंबईत कॉर्पोरेट रुग्णालये थाटावीत, ही वाटणी आम्हाला मंजूर नाही. शिवाय आमची मुले आधी शिकून बाहेर तर पडू द्या! २२ मे २०१९ रोजी मुंबईत डॉ. पायल तडवी या भिल्ल-तडवी समाजातील निवासी डॉक्टरने आत्महत्या केली. जातीय छळाच्या आरोपावरून तिच्या तीन ज्येष्ठ महिला सहकाऱ्यांवर गुन्हा दाखल झाला. आदिवासी भागाला मिळू शकणारी एक स्त्रीरोगतज्ज्ञ कॉलेजातच संपली, हाही डॉक्टरांच्या तुटवड्याच्याच हिशेबात धरायला हवा.

आमची मागणी अशी आहे की दंड भरून सुटण्याची पळवाट बंद करावी, निदान तो दंड कुटुंबाच्या उत्पन्नानुसार ठरावा. अवघड भागात तीन वर्षे काढणाऱ्या डॉक्टरचे शैक्षणिक कर्ज, ते खासगी महाविद्यालयातले असले तरी, राज्याने टप्प्याटप्प्याने फेडावे. कंत्राटावर राबणाऱ्या बीएएमएस डॉक्टरांना यातून वगळू नये, कारण अनेक केंद्रे आज त्यांच्याच जिवावर उघडी आहेत. आणि 'अवघड भाग' म्हणताना गोवंडी-मानखुर्दच्या वस्त्याही मोजाव्यात.

पैसा कुठून आणायचा, हा प्रश्न येईलच. बाँड मोडणाऱ्यांकडून गेल्या दहा वर्षांत किती दंड वसूल झाला, किती बुडाला आणि जमा झालेला कशावर खर्च झाला, हे शासनाने सांगावे. कार्यकर्त्यांनी वाट पाहत बसू नये. आपापल्या जिल्ह्यातून वैद्यकीय शिक्षण विभागाकडे माहितीच्या अधिकारात अर्ज टाकावेत. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लागतो, दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला तोही लागत नाही.