मुकाट खेळ्यांचे मोल

बुद्धिबळाच्या पटाभोवती जमणारे प्रेक्षक बहुधा हल्ल्याचे भोक्ते असतात. तिसऱ्या खेळीस वजीर बाहेर पडला, दहा खेळ्यांत दोनचार मोहरी मारली गेली, म्हणजे त्यांच्या माना डोलू लागतात. जो खेळाडू एक प्यादे एकच घर सरकवून स्वस्थ बसतो, त्यास ते भित्रा ठरवून मोकळे होतात. हा न्याय उतावळेपणाचा आहे, असे आमचे मत आहे.

'राजाचा भारतीय बचाव' हा प्रारंभ पाहा. काळी मोहरी घेणारा राजाकडील घोडा बाहेर काढतो, घोड्याच्या प्याद्यास एक घर पुढे करतो, त्या रिकाम्या घरी उंट बसवितो आणि किल्लेकोट करून राजास सुरक्षित ठेवितो. तोवर पांढरी प्यादी पटाचा मध्य व्यापून बसतात. पाहणारास वाटते, काळा बुडाला! वस्तुतः घोड्याआड दडलेल्या त्या उंटाचा रोख तिरप्या ओळीने मध्यावरच असतो.

कलकत्त्यास १८५० नंतरच्या दशकात महेशचंद्र बॅनर्जी हे जॉन कॉक्रेन या बॅरिस्टराविरुद्ध अशाच धाटणीचे डाव खेळले. जुन्या देशी पद्धतीत प्यादे पहिल्या खेळीसही बहुधा एकच घर चाले, हे येथे ध्यानात घ्यावे. पुढे सुमारे शंभर वर्षांनी ब्रॉन्स्टीन व बोलेस्लाव्स्की या सोव्हिएत खेळाडूंनी या बचावास मोठी प्रतिष्ठा मिळवून दिली.

मात्र शांतपणा म्हणजे आळस नव्हे. काळ्याने योग्य वेळी प्यादे लोटून मध्यावर आघात केला नाही, तर त्याचीच मोहरी जागच्या जागी कोंडतात.

आमच्या नांदेड-लातूरकडे गुणांची घाई फार. 'लातूर पॅटर्न'ने येथील मुलांस मेहनतीची शिस्त लाविली, हे निःसंशय. परंतु पहिल्या चाचणीत मागे पडलेल्या मुलास घरीदारी 'मठ्ठ' म्हटले जाते, आणि तो शब्द त्याच्या मनातून वर्षानुवर्षे जात नाही. पालकांस आमची विनंती अशी की, गुण विचारण्यापूर्वी त्याची मांडणी पाहावी. तो आपण होऊन वाचतो काय? शंका विचारतो काय? चुकलेले गणित पुन्हा मांडतो काय? तसे असेल, तर धीर धरावा.

आणि विद्यार्थिमित्रहो, नुसते स्वस्थ बसणाऱ्याने या बचावाचा आधार घेऊ नये. मृगाचा पाऊस आल्यावर जो नांगर शोधू लागतो, त्याचे शेत पडीकच राहते.