एक चेहरा, चार स्वभाव

पोर्शे म्हटलं की सगळ्यांना आठवते ती ९११. पण मन पोर्शेवर आणि बजेट जमिनीवर असलेल्या जर्मनीतल्या शौकिनांची नजर वळते ती ९४४ कडे. १९८२ ते १९९१ या काळात बनलेली ही कूपे. इंजिन पुढे, गिअरबॉक्स मागे. त्यामुळे वजनाची वाटणी जवळपास निम्मी-निम्मी. बाहेरून सगळ्या सख्ख्या बहिणी. पण दिसतं तसं नसतं, बॉस! बॉनेट उघडा, मग खरे स्वभाव कळतात.

साधी ९४४: अडीच लिटर, आठ व्हॉल्व्ह, १६३ हॉर्सपॉवर. थोरल्या ९२८ च्या व्ही-८ इंजिनाची एक बाजू घ्यावी, तसं बेतलेलं हे चार सिलिंडरचं इंजिन. थरथर मारायला आत दोन बॅलन्स शाफ्ट. एकदम समजूतदार.

टर्बो १९८५ मध्ये आली, २२० हॉर्सपॉवर घेऊन. १९८८ च्या टर्बो एसमध्ये तर २५०! अॅक्सिलरेटर दाबा, क्षणभर वाट बघा... आणि मग पाठ सीटला चिकटते.

एस (१९८६): तेच अडीच लिटर, पण सोळा व्हॉल्व्ह आणि १९० हॉर्सपॉवर. मजा आहे, पण वरच्या आरपीएमला. सिग्नल ते सिग्नल चालवाल तर पत्ताही लागणार नाही.

एस-टू १९८९ चं मॉडेल: तीन लिटर, २११ हॉर्सपॉवर. कागदावर टर्बोच्या मागे, पण टर्बोसारखी वाट बघणं नाही. रोजच्या रस्त्यावर आपलं मत हिलाच.

पण थांबा! आकड्यांच्या आधी एक प्रश्न विचारा: टायमिंग बेल्ट कधी बदलला? या चौघींत तो तुटला की पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात आणि इंजिनाची वाट लागते. एस आणि एस-टूमध्ये दोन कॅमशाफ्टना जोडणारी चेनही असते. तिचा टेन्शनरही तपासायला हवा. नाहीतर चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला!

विकणारा म्हणेल, 'नुकताच बदललाय.' हसून म्हणायचं, 'बिल दाखवा ना.' बिलांची जाडजूड फाईल असलेली १६३ हॉर्सपॉवरची गाडी, फाईल नसलेल्या २५० पेक्षा केव्हाही भारी. ती निदान घरी तरी पोचवते.