कानाचे पहिले पंधरा दिवस

विमानातून उतरताच आपल्याला अचानक ऐकू येईनासे झाले, असे पार्श्वगायिका अलका याज्ञिक यांनी जून २०२४ मध्ये जाहीर केले. विषाणूच्या हल्ल्याने श्रवणाच्या मज्जातंतूला इजा झाल्याचे निदान होते. तेव्हापासून अकस्मात बहिरेपणाविषयी कुतूहल वाढले आहे, आणि चौकशी करणाऱ्याच्या कानी एक नवा उपाय हमखास पडतो: उच्चदाबाच्या कक्षात प्राणवायू घेण्याचा.

उपाय तसा नवा नाही. पाणबुड्यांच्या दाबविकारांसाठी असे कक्ष वापरात आले. मुंबईच्या ‘आयएनएचएस अश्विनी’ या नौदल रुग्णालयात ही सोय आहे. वातावरणाच्या दुप्पट ते अडीचपट दाबाखाली दीड-दोन तास शुद्ध प्राणवायू घ्यायचा, अशी दहा ते वीस सत्रे. रक्तद्रवात अधिक प्राणवायू विरघळून तो अंतर्कर्णातील पेशींपर्यंत पोहोचावा, ही त्यामागची कल्पना.

पुरावा मात्र बेताचाच आहे. २०१२ च्या कॉक्रेन आढाव्यात नव्या रुग्णांच्या श्रवणात सुधारणा दिसली, परंतु व्यवहारात तिचे मोल किती, हे स्पष्ट झाले नाही. जुनाट बहिरेपणात लाभ आढळला नाही. अमेरिकेतील कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या अकादमीने २०१९ मध्ये या उपचाराला पर्याय म्हणून मान्यता दिली, तीही स्टिरॉइडच्या जोडीनेच आणि दोन आठवड्यांच्या आत. पहिले उपचार फसल्यास महिन्याच्या आत. शिवाय कक्षातील आग ही काल्पनिक भीती नव्हे. जानेवारी २०२५ मध्ये मिशिगन राज्यात अशाच दुर्घटनेत पाच वर्षांचे मूल दगावले.

आता किनवट तालुक्यातील इस्लापूरचा विचार करा. हिमायतनगर, भोकर ओलांडून नांदेडचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय गाठायचे म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडते. महानगरात वीस दिवस मुक्काम करून प्राणवायू घेणे तर दूरच. पण खरी हानी त्याआधीच होते. सकाळी एका कानाने ऐकू येईनासे झाले, तर माणूस ‘दडा बसला’ म्हणतो, कोमट तेल सोडतो, आठवडी बाजाराच्या दिवशी मळ काढून घेतो. कान दुखत नाही, म्हणून घाई वाटत नाही. यात पंधरा दिवस सहज सरतात.

वास्तविक पहिली पारख खर्चिक नाही. नादकाटा वाजवून कपाळाच्या मध्यभागी टेकवला, की मळाने बंद झालेल्या कानात आवाज अधिक घुमतो. मज्जातंतूच्या दोषात तो चांगल्या कानाकडे सरकतो. एवढे प्राथमिक आरोग्य केंद्रातही करता येते. केंद्राचा बधिरता प्रतिबंध व नियंत्रण कार्यक्रम २००६-०७ पासून अस्तित्वात आहे. अशी तपासणी त्याच्या चौकटीबाहेरची नाही. दोष मज्जातंतूचा वाटला, तर त्याच दिवशी चिठ्ठी देऊन रुग्णाला श्रवणमापनासाठी नांदेडला धाडावे. स्टिरॉइडच्या गोळ्या स्वस्त आहेत; त्यांचाही पुरावा निर्विवाद नाही आणि मधुमेही रुग्णाला त्या जपूनच द्याव्या लागतात, तरी त्यांचा निर्णय पहिल्या पंधरवड्यातच व्हायला हवा. कक्षाचा प्रश्न त्यानंतरचा.