घरच्या बोलीतली कादंबरी

दोस्तांनो, निबंध लिहायला बसलं की घरचे शब्द बाजूला ठेवून आपण जड जड शब्द शोधू लागतो. होय ना? मग आजची ओळख खास तुमच्यासाठी!

भालचंद्र नेमाडे यांचा जन्म १९३८ साली खानदेशातल्या सांगवी गावी, शेतकरी कुटुंबात झाला. १९६३ साली, अवघ्या पंचविसाव्या वर्षी त्यांची ‘कोसला’ ही कादंबरी आली. तिचा नायक पांडुरंग सांगवीकर खेड्यातून पुण्याला कॉलेजात जातो. तिथं त्याचं बिनसतं, तो नापास होतो. धाकट्या बहिणीचा मृत्यू त्याला हलवून सोडतो. हे सगळं तो ‘उदाहरणार्थ’, ‘वगैरे’ म्हणत, कट्ट्यावर गप्पा माराव्यात तसं सांगतो. अमेरिकेत जे. डी. सॅलिंजर यांनीही १९५१ साली शाळेतून काढलेल्या एका मुलाची कहाणी अशीच त्याच्याच बोलीत सांगितली होती.

आणि गंमत म्हणजे हे नेमाडे सर आपल्याच शहरात, मराठवाडा विद्यापीठात, काही वर्षं इंग्रजी शिकवत होते, बरं का! शिकवलं इंग्रजी, पण कादंबऱ्या लिहिल्या मराठीत. त्यांना २०१४ चा ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला.

‘कोसला’ मोठेपणी जरूर वाचा. तोवर पुढच्या निबंधात आजीच्या तोंडचा एखादा शब्द खुशाल लिहा. बाईंनी त्याखाली लाल रेघ मारली, तर त्याचा अर्थ त्यांना नीट समजावून सांगा. आणि आईबाबा, मुलांच्या बोलीला हसू नका हं!